वास्तव्याच्या खुणा

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अंगणवाडी पर्यवेक्षिका निकिता बोरस्ते मोहमाळ पाड्यावर भोयेंच्या घरात शिरल्या आणि बाराला पाच कमी असताना बाहेर पडल्या. मधल्या वेळात स्थळपाहणीचा पंचनामा झाला. पाच पंचांनी त्यावर सह्या आणि अंगठे केले. पंचनाम्यातलं चौथं वाक्य असं होतं : ‘सदर घरात नियमित वास्तव्याच्या खुणा आढळून आल्या नाहीत.’

हे वाक्य लिहिलं गेलं तेव्हा त्या घरात अकरा माणसं होती.

पाहायचं एवढंच होतं, की ललिता अमित भोये ही एकोणतीस वर्षांची बाई या घरात राहते की नाही. राहत असेल तर पाड्यावरच्या अंगणवाडीची सेविका ती होणार होती. राहत नसेल तर यादीतलं दुसरं नाव घेतलं जाणार होतं. सेविका स्थानिक रहिवासी असली पाहिजे असा नियम आहे, आणि मोहमाळमध्ये त्या नियमाबद्दल कोणाची तक्रार नाही. आधीची सेविका तालुक्याच्या गावी राहायची आणि आठवड्यातून दोनदा यायची. तिच्या काळात खिचडीचं पातेलं किती दिवस चढलं, हे पाड्यावरची कोणतीही आई बोटांवर मोजून सांगते.

जानेवारीत गुणवत्ता यादी लागली. ललिता पहिली होती. दुसरी पायल गावित, दीड किलोमीटरवरच्या मूळ गावातली सून. दोघी एकाच आश्रमशाळेत शिकलेल्या, एका वर्षाच्या मागे-पुढे. हरकतीसाठी दहा दिवस होते. नवव्या दिवशी पायलनं अर्ज दिला. त्यात एकच मुद्दा होता : सदर उमेदवार नाशिक येथे इंदिरानगरमध्ये कैवल्य रेसिडेन्सीत राहते. पुरावा म्हणून ललिताच्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडली होती. कार्डावर तोच पत्ता होता.

तो पत्ता खोटा नव्हता. २०१८ मध्ये ललिताचा नवरा अमित कैवल्य रेसिडेन्सीत वॉचमन म्हणून लागला. चोवीस फ्लॅटची इमारत. जिन्याखाली, पंपाच्या शेजारी एक खोली होती, तिच्यात ती दोघं आणि त्यांची पूजा पाच वर्षं राहिली. ललिता चार फ्लॅटमध्ये भांडी करायची. २०२१ मध्ये गॅस सिलिंडरसाठी आधारवरचा पत्ता बदलायची वेळ आली. अमितनं केंद्रावरच्या माणसाला सांगितलं, “वॉचमन रूम असं लिहा.” तो म्हणाला, “तेवढं कशाला, पोस्टमनला कळतं.” कार्ड आलं ते फ्लॅटवाल्याचं वाटावं असं.

जून २०२३ मध्ये ललिताची सासू भागीबाई भाताच्या बांधावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सासरा आधीच गेलेला. ललिता दोन महिन्यांसाठी म्हणून मोहमाळला आली आणि राहिली. त्यानंतर तिनं भाताच्या दोन लावण्या केल्या, नागलीची दोन पिकं घेतली. पूजाला सव्वीस किलोमीटरवरच्या निवासी आश्रमशाळेत घातलं. पूजा दिवाळीला आणि मे महिन्यात घरी येते. अमित नाशिकलाच आहे. सून घरी आली याची नोंद करायला कोणती वही नसते, त्यामुळे ती कुठं झाली नाही. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला ललितानं नियमानं काढला होता. आधारवरचा पत्ता बदलायचा अर्जही तिनं जानेवारीत टाकला होता. ‘तपासणी सुरू आहे’ असा संदेश आला. अजून तोच येतो.

पाड्यावरच्या बायका तिला रेसिडेन्सीवाली म्हणायच्या. गाव आणि पाडा यांच्या मधल्या विहिरीवर ती पाण्याला आली की कोणीतरी म्हणायचं, “सरा गं, रेसिडेन्सीवाली आली, तिला लिफ्टनं पाणी लागतं.” ललिताही हसायची. या चेष्टेला हरकत घ्यावी असं तिला कधी वाटलं नव्हतं.

हरकतीची नोटीस आली तेव्हा कार्यालयातल्या लिपिकानं तिला सांगितलं, की तिथं राहत नाही असं त्या सोसायटीकडून लेखी आणा, मग बघू. म्हणून सोमवारी, १७ फेब्रुवारीला, दुपारच्या गाडीनं ती नाशिकला गेली. सोसायटीचे सेक्रेटरी शेखर देवरे संध्याकाळी सातला भेटतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. पार्किंगच्या कोपऱ्यात सोसायटीचं टेबल आहे, तिथं ते बसले होते.

“काका, एकच ओळ पायजे,” ललिता म्हणाली. “मी इथं राहत नाही म्हणून.”

“नाहीसच राहत.”

“तेच लिहून द्या.”

देवऱ्यांनी खणातून रजिस्टर काढलं आणि तिच्यापुढे फिरवलं. “वाच. रहिवाशांची नोंदवही. मालक निळ्या शाईत, भाडेकरू हिरव्या. तू आहेस का यात?”

“नाही.”

“अमित?”

“नाही.”

“त्याचं नाव दुसऱ्या वहीत आहे. लिफ्ट, टाकी, पंप, सगळं ज्या वहीत असतं त्या. आता ऐक. मी लिहिलं, ललिता भोये इथं राहत नाही. पुढचा माणूस विचारणार, कधीपासून राहत नाही. मी म्हणणार, जून तेवीसपासून. म्हणजे त्याआधी राहत होती. म्हणजे पार्किंगमध्ये एक कुटुंब राहत होतं असं मी सेक्रेटरी म्हणून लेखी दिलं. मंजूर नकाशात ती खोली मीटर रूम आहे, ललिता. कमिटी मला खाऊन टाकेल.”

“पाच वर्षं तुमच्याकडं भांडी केली मी.”

“मी नाही म्हणतोय का? तोंडी कोणालाही सांगतो. हा माझा नंबर दे त्या मॅडमना. कधीही फोन करू दे, दुपारचा झोपेचा वेळ सोडून.”

त्यांनी नंबर एका चिठ्ठीवर लिहिला. वरून देवरेकाकूंनी मेथीचे लाडू पाठवले, भागीबाईच्या कंबरेसाठी. अमित गेटवर उभा होता. ललितानं त्याला सगळं सांगितलं.

“म्हणजे पाच वर्षं आपण मीटर होतो,” अमित म्हणाला. “तरीच रीडिंग घेतल्यासारखे डोकावून जायचे.”

त्याच वेळी त्याच्या मोबाइलवर मोहमाळहून फोन आला. पोलीस पाटील बुधा भोये, अमितचा चुलता. तालुक्याहून निरोप होता, की पर्यवेक्षिका मॅडम उद्या अकराला घर पाहायला येणार आहेत.

“मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते, काका,” ललिता म्हणाली. “आत्याला सांगा, मॅडमला चहा द्या. साखर वरच्या फळीवर, हिरव्या झाकणाच्या डब्यात हाय.”

सासूला ती आत्या म्हणते. आणखी काही सांगायचं तिला सुचलं नाही. सुचण्याचं कारणही नव्हतं.

मोहमाळमध्ये बाहेरचं माणूस घरात येणार असेल तर घर मोकळं करतात. मुलगी पाहायला येणारे असोत, साहेब असो की भगत असो. सगळं सामान शेजारी हलवायचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत जमीन सारवायची आणि मध्ये एक खुर्ची ठेवायची. पाहुण्याला आपला पसारा दाखवायचा नाही, त्याला बसायला पूर्ण घर द्यायचं. खुर्ची शाळेतून आणतात. बुधाच्या मुलीचं जमलं तेव्हा असंच केलं होतं. विजेचा मीटर बसवायला माणूस आला तेव्हाही केलं होतं, आणि त्याला आत यायचंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी सहाला भागीबाई कामाला लागली. तिला वाकता येत नाही, म्हणून ती काठीनं दाखवत होती. शेजारची गोजराबाई आणि आणखी तिघी उचलत होत्या. गोधड्या, पत्र्याची पेटी, भांडी, पाटा-वरवंटा, पाण्याचे हंडे, पूजाचं सुट्टीतलं दप्तर गोजराबाईकडे गेलं. नागलीची कणगी हलवायला चार बाप्ये लागले. ललिताच्या साड्या ज्या दोरीवर असत ती दोरीच सोडून घेतली. भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. ते बरं दिसणार नाही म्हणून गोजराबाईनं काढलं. मग शेण कालवून जमीन सारवली, ओटा सारवला, शेवटी चूल सारवली. सारवलेली चूल वाळेपर्यंत पेटवत नाहीत. दहा वाजता घर तयार झालं. भिंतीला एक खिळा उरला होता.

“नवं दिसतं गं घर,” गोजराबाई म्हणाली.

“सरकार येतं हाय,” भागीबाई म्हणाली.

निकिता बोरस्ते चपला दाराबाहेर काढून आत आल्या. तिशी ओलांडलेल्या, निफाडकडच्या. फाइल पाठीच्या पिशवीत. त्यांनी खुर्चीवर बसण्याआधी घर एकदा फिरून पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

“आजी, इथं कोण राहतं?”

“मी राहते. सून राहते.”

“सून कुठं आहे?”

“नाशिकला गेलीय काल.”

“नेहमी जाते?”

“जाते ना. तिचा नवरा हाय तिथं,” भागीबाई म्हणाली, आणि दारातल्या बायका हसल्या.

“तिचे कपडे कुठं असतात?”

“हे हिच्याकडं. गोजराकडं.”

“भांडी?”

“गोजराकडं.”

“आज जेवण कुठं?”

“आज गोजराकडंच.”

निकितानं लिहिता लिहिता विचारलं, “मग सून यांच्याकडे राहते का?”

“माझी सून मला सांभाळंना,” गोजराबाई म्हणाली, “हिची कोठं सांभाळू?”

पुन्हा हसू झालं. निकिताही थोडं हसल्या. मग चुलीजवळ जाऊन त्यांनी पाहिलं. राख नव्हती, काजळी शेणाखाली गेली होती.

“ही चूल पेटत नाही?”

“ओली हाय बाय. सांजच्याला पेटल.”

चहा गोजराबाईच्या घरून आला. तोही लिहिला गेला.

अकरा पस्तीसला ललिता पोचली. फाट्यावर जीप सोडून ती चालत आली होती, हातात नाशिकची पिशवी आणि लाडवांचा डबा. दारात गर्दी दिसली. गर्दीच्या पलीकडे घर रिकामं होतं, जमीन ओली होती, माणसं भिंतीला टेकून गप्प बसली होती. आत्या गेली, असं तिला वाटलं. मग भागीबाई काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, “आली गं. बघ, कसं केलंय.”

ललिता उंबऱ्यावरच थांबली. जमीन ओली होती म्हणून.

“तुम्हीच ललिता भोये?” निकितानं विचारलं. “आता कुठून आलात?”

“नाशिकहून.”

“कैवल्य रेसिडेन्सीतून?”

“हो. चिठ्ठी आणायला गेलते.”

“चिठ्ठी मिळाली?”

“फोन नंबर मिळाला.”

निकितानं नंबर घेतला आणि फाइलला टाचला. “फ्लॅट तुमचा आहे तिथं?”

“जिन्याखालची खोली. ती पण आता नाही. मालक तिथं राहतात, म्हणजे माझे मालक. मी इथं राहते, मॅडम. वीस महिने झाले. सामान हलवलंय. माणूस येणार म्हणून हलवतात आमच्याकडं. चला, दाखवते.”

निकिता उठल्या आणि गोजराबाईच्या घरात गेल्या. तिथं ओट्यापर्यंत ढीग होता. ललितानं एकेक वस्तू दाखवली : ही माझी पेटी, ह्या माझ्या साड्या, हे पूजाचं दप्तर. हिरव्या झाकणाचा डबा पाट्याखाली सापडला. गोजराबाईचंही सामान त्याच ढिगाला लागून होतं. दोन घरांची भांडी एकाच दुकानातली होती.

“हे तुमचं कशावरून, असं मला वर विचारतील,” निकिता म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. “दप्तरावर मुलीचं नाव आहे, पण मुलगी निवासी शाळेत. म्हणजे तिचा रहिवासही तिकडचा धरतात.”

“मतदार यादीत नाव हाय माझं इथं. रेशन कार्डावर हाय.”

“मतदार यादीत माझं नाव अजून निफाडला, माहेरी आहे. मी राहते का तिथं? हे बघा ताई, मी दिसलं ते लिहिते. ऐकलेलं लिहायला वेगळा रकाना आहे, त्यात तेही लिहिते.”

त्यांनी तसंच केलं. पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला. ‘घर स्वच्छ व नुकतेच सारवलेले आहे’ या वाक्याला भागीबाईनं मान हलवली. चौथ्या वाक्यापाशी बुधा पाटलानं हात वर केला.

“मॅडम, खुणा म्हंजे?”

“सामान. राबता. चूल.”

“सामान आम्ही हलवलं ना.”

“ते पुढं लिहिलंय. ‘सामान अन्यत्र हलविण्यात आल्याचे पंचांनी सांगितले.’ असंच सांगितलंत ना?”

बुधानं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. “हो, असंच,” तो म्हणाला आणि सही केली. त्याच्यानंतर चौघांनी केली. ललिता राहते असंही पाचही जणांनी सांगितलं होतं. ते सातव्या वाक्यात आहे.

चहाचा कप अजून अर्धा होता. बुधानं बोलायचं म्हणून विचारलं, “तुम्ही कोठं राहता, मॅडम?”

“मुख्यालयी.”

“तालुक्याला?”

“कागदावर. येते नाशिकहून. पोरांच्या शाळा तिकडे आहेत. इंदिरानगर.” मग ललिताकडे पाहून, “तुमच्या कैवल्यच्या मागच्या गल्लीत.”

“तुम्हाला पण दाखला लागतो का राहण्याचा?” ललितानं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं.

“लागतो. ग्रामसभेचा ठराव.”

“बघायला येतं कोणी?”

निकितानं चहा संपवला, कप ओट्यावर ठेवला. “नाही,” त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी लाडू घेतला नाही. चहा घेतल्याची नोंद झाली होती, लाडवाची अडचण झाली असती.

संध्याकाळपर्यंत सामान परत आलं. कणगी पूर्वी होती तिथं बसली नाही, चार बोटं डावीकडे सरकली. कॅलेंडर राहून गेलं, ते गोजराबाईनं दोन दिवसांनी आणून दिलं. रात्री जेवताना भागीबाईनं विचारलं, “बाई खूश गेली ना?”

“घर स्वच्छ हाय असं लिहिलं,” ललितानं सांगितलं.

सुनावणी ११ मार्चला दुपारी तीनला झाली. प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर पायल, एकीवर ललिता. अधिकाऱ्यांनी पंचनामा वाचला, रहिवासी दाखला पाहिला, बुधा पाटलाचं पत्र पाहिलं. दोन्ही बाजूंनी कागद होते. मग त्यांनी टाचलेला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. शेखर देवरे झोपेतून उठले होते.

“ललिता? ओळखतो ना. फार चांगली मुलगी. आमच्याकडेच होती.”

“आता राहते का तिथं?”

“छे छे. आता फक्त येऊन-जाऊन. गेल्या महिन्यात आली होती, एक मुक्काम केला, सकाळी गेली.”

“मुक्काम केला?”

“नवराच इथं आहे तिचा, साहेब. जाणार कुठं? पण हे सगळं तोंडी हं. लेखी मी काही दिलेलं नाही.”

अधिकाऱ्यांनी आभार मानून फोन ठेवला. पायल टेबलाच्या कडेकडे पाहत होती. निर्णय त्या दिवशी झाला नाही. आदेश आठ दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं, की पहिल्या पाहणीची पूर्वसूचना दिल्यामुळे वस्तुस्थिती स्पष्ट झालेली नाही. सबब फेरपाहणी करावी, आणि ती पूर्वसूचना न देता, कार्यालयीन वेळेत करावी. तोपर्यंत मोहमाळचा कार्यभार शेजारच्या गावच्या सेविकेकडे राहील. ती सेविका आठवड्यातून दोनदा येते.

सुनावणीहून परतताना दोघींना एकच जीप मिळाली. मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लागेल असं बसावं लागलं. दोन वळणं झाल्यावर पायल बोलली.

“राग आलाय का?”

“नाय.”

“मी खोटं लिहिलं का? कार्डावर होतं तेच लिहिलं.”

“तू मला रोज पाण्यावर बघतेस.”

“बघते. पण तसं अर्जात लिहायला कोठं जागा होती?” पायलनं पदर नाकाला लावला, धूळ येत होती. “ललिता, मला पण पायजे गं ती नोकरी. तुझा नवरा नाशिकला तरी हाय. माझा दर साल द्राक्षाच्या बागेत कामाला जातो निफाडला, सहा महिने मी पण जायची. यंदा नाय गेले. का? तर कोणी म्हणेल, ही इथं राहत नाय. घर धरून बसलेय.”

“मी पण.”

“दोघी बसू मग,” पायल म्हणाली. फाट्यावर उतरल्यावर तिनं ललिताची पिशवी खाली घेऊन दिली.

तेव्हापासून ललिता कामाच्या दिवशी दहा ते सहा घर सोडत नाही. पाणी नवाच्या आत भरते. भागीबाईच्या गोळ्या बुधा तालुक्याहून आणतो. अमित पंधरा दिवसांनी रविवारी येतो. रविवारी कार्यालय बंद असतं, त्यामुळे त्या दिवशी दोघं शेतावर जाऊ शकतात. साड्या दोरीवर आहेत, दोरी दारातून दिसेल अशी पुढे बांधली आहे. चूल दुपारीही विझू देत नाही. नवं कॅलेंडर आहे. त्यावर ललिता काही खुणा करत नाही. किती दिवस झाले हे तिला विचारलं तर ती मोजून सांगते.

घर मोकळं करायचं नाही हे भागीबाईला तिनं समजावलं. भागीबाईला ते पटलेलं नाही. एप्रिलमध्ये दुपारी एक जीप पाड्याच्या वळणावर वाजली, तर ती काठी घेऊन उठली आणि गोधड्यांची घडी करू लागली.

“राहू द्या, आत्या. असंच बघू दे.”

“असं? माणसाच्या तोंडावर गोधड्या?”

“असंच पायजे त्यांना.”

“कसली ही माणसं,” भागीबाई म्हणाली आणि घडी केलेली गोधडी पुन्हा पसरून ठेवली. जीप पाण्याच्या टाकीच्या कामाची होती, पुढे निघून गेली.

मे महिन्यात पूजा घरी होती. ती असताना फेरपाहणी झाली तर बरं, असं अमित म्हणत होता. घर भरलेलं दिसेल. झाली नाही. १६ जूनला आश्रमशाळा उघडली, सोमवार होता. पूजाला सोडायला बुधा गेला.

“तू का नाय येत?” पूजानं विचारलं.

“मला घरी पायजे,” ललिता म्हणाली.

“घरी काय हाय?”

“मी.”

पूजाला हे उत्तर पुरलं असावं. तिनं पेटीचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि बुधाच्या मागे निघाली. त्या संध्याकाळी शाळेतून फोन आला, की वसतिगृहाच्या अर्जावर पालकांचा कायमचा पत्ता राहिला आहे, तो भरून पाठवा. बुधानं कोरा अर्ज परत आणला होता. तो ललितानं पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. फेरपाहणी झाल्यावर भरू, असं तिनं अमितला फोनवर सांगितलं.

भाताची रोपं आता लावणीला आली आहेत. भोयेंचं वावर घरापासून वीस मिनिटांवर, ओढ्याच्या पलीकडे आहे. तिथून घराचं दार दिसत नाही. लावणीला माणसं सांगितली आहेत, ललिता त्यांची भाकरी घरून पाठवते.

कार्यालयात २४ जूनला चौकशी केली तेव्हा, निकिता बोरस्ते यांची बदली झाली असून त्यांच्या जागी अद्याप कोणी हजर झालेलं नाही, असं लिपिकानं सांगितलं. फेरपाहणीचा आदेश कायम आहे. शुक्रवार, २७ जूनला सायंकाळी सहा वाजेपर्यंत भोयेंच्या घरी कोणीही आलेलं नव्हतं.